पीटरहेडचा बुधवारचा वर्ग

मासळीच्या कारखान्याची पहिली पाळी सुटली
की आम्ही धक्क्याजवळच्या खलाशांच्या जुन्या खोलीत जमतो,
बुधवारी, साडेपाचला.
साबणाचे तीन हात दिले तरी हॅडकचा वास जात नाही,
वहीच्या पानांना लागतोच.

इशबेल गेडिस शिकवते. चाळीस वर्षं बंदराच्या कचेरीत
कुठली बोट गेली, कुठली आली, लिहीत होती.
खडूही टाकासारखा धरते, काटकसरीनं.

आज फळ्यावर: फास्ट. क्विक. रॅपिड. स्विफ्ट.

"सगळ्यांचा अर्थ एकच," मी म्हटलं,
"सुपरवायझर ओरडतो तो."
सगळे हसले. ती नाही.

"दानुते, पट्टा फास्ट असतो.
तू उभी असलीस काय, नसलीस काय, तो पळतोच.
तुझी सुरी क्विक. घातली, कापलं, संपलं.
रॅपिड नाडी असते, तापातली.
नदीही, खडकांवरून उतरते तेव्हा."
सरकारी पत्रं? कुणीतरी विचारलं.
"त्यांच्यासाठी शब्द नाही."
आणि स्विफ्ट?
तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर नुसतंच पाणी.
"ते जाताना दिसत नाही. गेल्यावर कळतं."

मग तेस्फालेमनं हात वर केला. तो कधी करत नाही.
"बाई, लिबियाहून आमची बोट निघाली.
तिला यातला कुठला?"

हीटर टिकटिकत राहिला.

"इंजिन बंद पडलं होतं," तोच म्हणाला. "अकरा तास."

इशबेलनं खडू ठेवला.
कपाटातून हातभर दोर काढला, निळा, मिठानं ताठरलेला,
टेबलाच्या पायाला दोन वेढे, एक गाठ.
"ओढ."
त्यानं ओढला. टेबल सरकलं, गाठ नाही.
"हेसुद्धा फास्ट.
हलत नाही ते."

"मग पळतं ते?"
"तेही."
"एकच शब्द?"
"एकच."

तेस्फालेमनं दोर सोडला नाही बराच वेळ.

रेझान घड्याळ बघत होता. समोर रुमालावर तीन खजूर,
सूर्याला अजून बारा मिनिटं.
"आणि मी पहाटेपासून करतोय, तेही फास्ट ना?"
"तेही," ती म्हणाली. "आतल्या आत
घट्ट धरून ठेवणं, म्हणून असेल."
रेझाननं वहीत काही लिहिलं नाही,
खजूर मात्र एका रांगेत लावले.

मला वाटलं, तास झाला.
फळा पुसता पुसता, पाठमोरी, ती बोलली:
"मर्डोची बोट गेली त्या रात्री
मी फास्ट अस्लीप होते.
वारा सुटला होता म्हणतात. मला काही ऐकू आलं नाही."
गाढ, असा अर्थ मी वहीत लिहिला,
मग खोडून लिहिलं, बांधलेली.

बारा मिनिटं झाली. रेझाननं पहिला खजूर
इशबेलपुढे धरला, दुसरा तेस्फालेमपुढे.
तिसऱ्याचे मी आणि तो, दोन तुकडे.

आज सकाळी सुरी घसरली.
हातमोजा फाटला, नखाचा कोपरा उडाला,
आणि खाली ते लालबुंद, हुळहुळं,
हवासुद्धा सोसवेना त्याला.
त्यालाही क्विक म्हणतात; काल निघताना दारात
टोपी घालता घालता तिनं सांगितलेलं.
आणि जुन्या इंग्रजीत, म्हणाली,
क्विक म्हणजे जिवंत. फक्त तेवढंच.

पट्टा पळतोय. मासे येतायत, डोळे उघडे.
मी बोट तोंडात धरून उभी.

"क्विक, दानुते! क्विक!"

"आहे," मी म्हटलं.