गार इंजिन

आधी हात, मग कान, डोळा सगळ्यात शेवटी.
डोळ्याला रंग फसवतो, दस्तगीरमामा म्हणायचे.

जुगुळच्या घाटावर नाव अर्धी चिखलात रुतलेली.
पल्याड खिद्रापूर, म्हणजे महाराष्ट्र;
तिकडची एक म्हैस गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून
अलीकडं बघत होती.
विकणारा नेमगोंडा. घेणारी इराक्का.
दुधाचे कॅन पल्याड न्यायला तिला नाव पाहिजे होती.
लाकडाचं बघते मी, ती म्हणाली, डांबर लावता येतं,
काळीज तेवढं तुम्ही बघून द्या.

मामांनी काठावर चप्पल काढली, आत उतरले,
हेडवर उलटा तळवा ठेवला.
कोमट.
"सकाळीच एक फेरी मारली की हो," नेमगोंडा म्हणाला.
"मारली असशील. गार होऊ दे."
तापलेलं इंजिन कुणाच्याही हाताला सुरू होतं.
आम्ही चिंचेखाली दीड तास बसलो.
इराक्कानं भाकरी सोडली, शेंगदाण्याची चटणी, कांदा.
नेमगोंडा तीनदा म्हणाला, साकु, गार झालं.
तीनदा मामा म्हणाले, इन्नू स्वल्प.

मग बॅटरी माझ्या हातात.
हिरवा रंग इतका नवा की बोल्टांच्या आट्यांत शिरलेला,
म्हणजे न खोलताच फासलेला.
पितळी पाटी दोन स्क्रूंवर,
आणि तिच्या कडेनं चार जुनी भोकं, लांबीनं बुजवलेली.
मामा पाटी वाचायच्या फंदात पडले नाहीत.
पट्टी ओढून तेल बोटांत चोळलं, हुंगलं:
काळंकुट्ट, पण ताकासारखं पांढुरकं नाही.
पाणी आत गेलेलं नाही.
हँडल घातलं. खटका पाडल्यावर
फ्लायव्हील अडलं, मागं रेललं, उसळून आलं.
"दम हाय."
मग तेच चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवलं.
खट्.
इतकं बारीक, की नेमगोंडा नेमका त्याच वेळी खोकला.

चौथ्या झटक्याला सुरू झालं.
धूर पांढरा, मग निळसर,
मग निळसरच.
स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडाला,
मामा डोळे मिटून ऐकत राहिले.
इराक्का त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.
नाव थरथरत होती, कॅनची झाकणं वाजत होती,
म्हैस निघून गेली.

"बॅटरी खाली धर."
क्रँककेसच्या डाव्या कुशीला एक जोड,
बिडात पितळ भरलेलं, चार बोटं लांब,
शेवटाला जरा वाकडा.
मामांचं बोट त्यावरून गेलं. थांबलं. परत गेलं.
इंजिन बंद करायला सांगून ते वर आले.

"गुऱ्हाळावरचं हाय हे. ऊस पिळून पिळून दमलेलं.
नदी ह्यानं म्हातारपणी बघितलीया."
नेमगोंडाला एकदम नदीत काहीतरी दिसायला लागलं.
इराक्काला म्हणाले, निम्म्याला घे.
रिंगा, स्लीव्ह, बेअरिंग, एवढा खर्च धर.
पाटीचा एक रुपया देऊ नको.
"आणि तो जोड?"
"जोड धरतोय."

फी घेतली नाही. भाकरी खाल्ली की, म्हणाले.

शिरगुप्पीच्या रस्त्याला, माझ्या मागं बसून,
वाऱ्यात अर्धं उडून जाईल अशा आवाजात बोलले:
मंगसुळीजवळचं गुऱ्हाळ, रात्रीचे दोन,
काहील चुलवाणावर रटरटतीया
आणि मालक डोक्यावर उभा, आटप मिस्त्री, आटप.
शेवटचं बोटभर घाईत भरलं. म्हणून वाकडं.
चौतीस वर्षं झाली.

"मग तिथंच सांगायचं की, तुमचंच काम हाय म्हणून."
"तो मालक ह्या नेमगोंडाचा सासरा.
पंचवीस रुपये अजून येणं हाय."

बराच वेळ फक्त रस्ता.
उसाचा एक ट्रॅक्टर गेला, मागं चिपाडं उडवत.
मग माझ्या स्प्लेंडरबद्दल, पाठीमागून:
"टॅपेट वाजतंय तुझं."