दोनशे बारा दुरुस्त्या

सव्वीस जीबीचं ठिगळ आलंय.
वसमत रोड, परभणी, रात्रीचे दहा.
एकतीस टक्क्यांवर लाईट गेली.

'सरहद्द' खेळायला लागलो तेव्हा आम्ही चौघं होतो.
वैजनाथनं पहिल्याच दिवशी जर्मनी घेतली,
"जगात जर्मनी, भारतात परभणी,
मग दुसरं काहून घ्यायचं?"
प्रज्ञाशील चौकटीच्या वहीत नकाशे काढायचा,
पेन्सिलीनं, खोडता यावेत म्हणून.
खदीर बोलायचा नाही.
खदीर जिंकायचा.

तिसऱ्या भागाला आम्ही आगाऊ पैसे भरले.
साडेतीन हजार. खदीरनं ईदच्या कपड्यांचे.
घोडदळ नदीत उतरलं की नाहीसं व्हायचं.
कोठारात ज्वारी असून शहरं उपाशी मरायची.
शत्रूचा सेनापती स्वतःच्याच किल्ल्याला
वेढा घालून बसायचा,
आणि आपण जिंकायचो.
ते जिंकणंच खदीरला लागलं.
"हरलो असतो तर चाललं असतं," म्हणाला
आणि उठून गेला, अर्धा चहा ठेवून.

त्याला दोन वर्षं झाली.

आता मोबाइलच्या उजेडात मी यादी वाचतोय.
क्रमांक सतरा: नदी ओलांडताना घोडदळ बुडणार नाही.
क्रमांक अठ्ठावन्न: कोठारं आपल्या शहरांना विसरणार नाहीत.
क्रमांक एकशे चाळीस: शरण आलेल्यांना दोनदा मारलं जाणार नाही.
दोनशे बारा ओळी, माफी कुठंच नाही,
तरी एकशे चाळीसपाशी माझा घसा दाटतो.
बत्तीस वय. जिनिंगमध्ये हिशेब लिहितो मी.
हसू येतं माझंच मला.

वैजनाथनं ग्राफिक्स कार्ड विकून
इन्व्हर्टरची बॅटरी घेतली;
अख्ख्या गल्लीत आत्ता त्याच्याच घरात उजेड असेल
आणि पोरगी झोपत नसेल.
प्रज्ञाशील चाकणला, रात्रपाळीत.
यादी पाठवली तर त्यानं नुसता अंगठा पाठवला.

मग खदीर.
नानलपेठेत, वडलांच्या रफूच्या दुकानात,
बॅटरी तोंडात धरून बसलेला असणार,
शब्द चावून येत होते.
कुणाचा तरी लग्नाचा कोट, उंदरानं कुरतडलेला,
सकाळी आठला पाहिजे.
"नीट केलाय म्हणतात गेम," मी म्हणालो.
"ठिगळ का रफू?"
मी गप्प.
"ठिगळाला कुठलंबी कापड चालतंय.
रफूला त्याच कोटाचा धागा लागतो,
आतली शिवण उसवून काढायचा.
त्यांच्याकडं ऱ्हायलाय का तो धागा?
माझ्याकडं तर नाही."
थोडं थांबला.
"ठेवू का? सुईत दोरा हाय."

लाईट पावणेबाराला आली.
अडीचला मी आमचा जुना डाव उघडला,
चौघांचा, जिथं थांबला होता तिथंच.
घोडदळ नदीत घातलं.
पाणी गुडघ्याला, छातीला,
एक घोडा मान झटकतो,
आणि पलीकडे.
झालं. खरंच झालं.
एवढंच तर मागत होतो.

सांगायला मागं वळलो
तर प्लास्टिकच्या तीन खुर्च्या,
मधलीवर वाळत घातलेला टॉवेल.

आभाळ काही फाटलं नव्हतं आमचं.
एक खेळ होता. त्याला ठिगळ लागलं,
बरं लागलं, टाके दिसतात पण टिकेल.
माझा राग शोधला तर सापडेना,
आणि रागाच्या शेजारी जे होतं
तेही त्याच्याबरोबर गेलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी
डावात एक चाल पडलेली दिसली.
पहाटे चार दहा. खदीर.
एकच तुकडी, नदीच्या पल्याड नेलेली.
ना हल्ला, ना तह, ना निरोप.
बुडतात का, तेवढं बघून गेला असेल.

घोडे काठावर उभे आहेत, ओले.
चाल माझी आहे.
मी खेळलेलो नाही अजून.
कॉम्प्युटर चालूच ठेवून जिनिंगला आलोय.
लाईट तेवढी जाऊ नये.