सळयांसाठी जागा

"प्लास्टर घाल आणि सोड," इमेदा म्हणाला.
घोड्याची लाथ. नडगी मोडून
हाडाचं टोक कातडीबाहेर आलेलं.
मी म्हटलं, प्लास्टरमध्ये ही जखम कुजेल,
आणि कुजलेली मला दिसणारही नाही.

दवाखाना म्हणजे अलवानीतली जुनी दूधडेअरी,
फरशी उताराची, पाणी आपोआप वाहून जातं.
ड्रिल हळू फिरवावं लागतं.
घाई केली की हाड जळतं,
जळलेलं हाड सळई धरून ठेवत नाही.
मोडल्या जागेच्या वर तीन, खाली तीन,
बाहेरून दोन दांडे, पकडी, बारा नट.

शुद्धीवर येऊन मुराने
ते सगळं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.
इमेदा म्हणाला, "कुत्र्यालाच कुंपण घातलंस की गं, लामारा!"

सांगितलं ते एवढंच:
दिवसातून दोनदा उकळून गार केलेलं मीठपाणी.
खपली भिजू दे, ओढू नकोस.
चाटू देऊ नकोस. पू दिसला तर रात्रीही फोन कर.

चारशे मेंढ्यांची लोकर उतरवणारे त्याचे हात
काडीला गुंडाळलेल्या कापसापुढे थरथरले.
मग मारेखीनं शिकवलं, बारीहून, व्हिडिओ कॉलवर.
ती तिथं कुणा म्हातारीची पाठ पुसते,
अंथरुणानं पडलेल्या जखमा.
"असा, गोल. आतून बाहेर.
जोर नको रे, जनावर आहे ते."
चार वर्षांत त्या दोघांचं
एवढं लांब बोलणं झालं नव्हतं,
असं तोच म्हणाला,
नट तपासताना, माझ्याकडे न बघता.

मेअखेरीस कळप तुशेतीकडे निघाले.
घंटा गल्लीतून गेल्या, फाटकापासून, अगदी जवळून.
मुरा साखळीच्या टोकापर्यंत गेला
तीन पायांवर.
आणि भुंकता भुंकता विसरून
चौथाही टेकला.

सहाव्या आठवड्यात मी एक दांडा काढला.
इमेदाला पटेना, घट्ट आहे ते बरं आहे की.
सगळा भार लोखंडानं उचलला
तर हाड आळशी होतं, म्हटलं.
तो बराच वेळ गप्प होता.
मग त्यानं विचारलं, बारीचं तिकीट
ऑगस्टमध्ये महाग असतं का?
मला काय माहीत.

दहाव्या आठवड्यात सगळंच उतरवलं.
सळया निघताना जरा करकरल्या,
सहा भोकं, त्यांत रक्ताचे थेंब,
दोन दिवसांत मिटली.
पकडी मी धुऊन डब्यात ठेवल्या,
पुढच्या कुणासाठी तरी.
एक सळई त्यानं मागून घेतली.
फाटकाच्या कडीत अडकवलीय,
परवा जाताना पाहिली.

मुरा अजून दारातून जाताना
तो पाय बाहेरून, लांबून आणतो,
चौकटीला काही अडकू नये म्हणून.
चौकट रुंद आहे. अडकायला काही नाही.
तरी दर वेळी तेवढी जागा सोडतो.