दोन रिकाम्या ओळी

फ्रोया बेटापासून बोटीनं अर्धा तास.
तराफ्यावर एक खोली, हीटर, करपलेली कॉफी.
खाली जाळ्यांत सामन मासे,
आणि त्यांना खाणं टाकणारं यंत्र,
ज्याचा प्रोग्राम माझा.

महिन्यातून एखाद्या वेळी
दोनशे छप्पन्नावी मूठ पडताच यंत्र म्हणे,
पाचशे अकरा झाल्या, पुरे.
आणि थांबे.
अर्नफिनच्या वहीत पेन्सिलीनं: मासे उपाशी. पुन्हा.

चिप जुनी, आठ बिटांची.
मोठा आकडा तिला एका खेपेत उचलत नाही.
अर्धा आणते, मग उरलेला अर्धा,
आणि नेमकी मधेच मूठ पडली
तर एक अर्धा जुना, एक नवा.
असा आकडा कधी कुठे नव्हताच.

हे मला ठाऊक होतं. म्हणून तर लिहिलेलं:
इंटरप्ट बंद कर.
आकडा उचल.
इंटरप्ट चालू कर.
शाळेतल्या पोरीलाही कळेल.

कंपायलरला कळलं ते वेगळं.
त्याला दाराचं आणि आकड्याचं
काही नातं दिसेना.
कामसू बिचारा, त्यानं आकडा अलगद उचलून
उंबऱ्याबाहेर ठेवला.
मग माझ्या हुकुमाप्रमाणे दार लावलं,
दार उघडलं.
आत कोणीच नव्हतं.

तीन आठवडे शोधलं.
प्रिंट टाकली की चूक गप्प.
ऑप्टिमायझेशन काढलं की
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी.
शेवटी असेम्ब्ली छापून घेतली
आणि बोट ठेवून वाचत गेले, पोथीसारखी.

दार लावल्यावर एक ओळ घातली,
उघडण्याआधी एक.
त्यांचा चिपमध्ये एक बाइटही होत नाही.
त्या कंपायलरला एवढंच सांगतात:
स्मृतीतलं काहीही इकडचं तिकडे नेऊ नकोस.

अर्नफिननं विचारलं, काय दुरुस्त केलंस?
म्हटलं, दोन रिकाम्या ओळी घातल्या.
हसेल असं वाटलं होतं.
तो मोजे ओढत म्हणाला,
मी मेलेले मासे मोजतो तेव्हा
सोल्व्हेग बोलत नाही.
चाळीस वर्षं.

मग तो जाळ्यापाशी ओणवा झाला.
सोळा. सतरा.
परतीची बोट वळणावर दिसत होती.
मी तोंड उघडलं होतं,
मिटलं.
अठरा.