सावड

गुरांच्या दवाखान्याचा प्रोग्राम माझा,
नोंदी, लसी, कानातले बिल्ले,
सगळं माझ्या हातचं.
डॉक्टर म्हणाले, लंगडणं लिहून कळत नाही,
चाल दिसली पाहिजे.

व्हिडिओ चालवणं मला कुठून येणार?
कुणा परक्यानं केलेला प्लेअर आणला,
फॉर्मवर एक काळी चौकट ओढली,
फाईलचा पत्ता दिला, बटण दाबलं.

घंटी वाजली. खुरं वाजली.
"हो... हो..." सुकरूमामांचा आवाज.
चौकट मात्र काळीच.
एक कोडेक नव्हता. तो सिंदेवाहीला जाऊन
मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर बसून
उतरवून आणला.

मग चित्र आलं, पण आवाजाच्या मागून.
पाय टेकायच्या आधीच खुराचा ठोका.
मामा खुर्चीमागं उभे, काठीवर हनुवटी:
"सावडीचा बैल हाये ना व एक?
पयल्या दिवशी असाच ओढते.
लहान पाऊल टाकू दे त्याले."

मी बफर कमी केला.
तिसऱ्या खेपेला दोघं जुळले.
पांढऱ्याचा मागचा उजवा पाय
टेकता टेकता कचरला,
अगदी तिथंच घंटी हुकली.

"थांबव," डॉक्टर म्हणाले.

थांबवायचं बटण
मी अजून केलंच नव्हतं.