दहा बाय आठ

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, बारसं, निवड, निधन,
सगळे चेहरे याच मशीनच्या जबड्यातून बाहेर येतात
थिनरचा वास घेऊन.

परवा तीन पोरं आली. कॉलेजची. घामाघूम.
पेनड्राइव्हमध्ये एक मुलगी होती,
सहा-सात वर्षांची, लांबच्या कुठल्या लढाईतली.
"काका, दहा बाय आठ. बिंदू चौकात लावायचाय.
खाली कोड येऊ दे, स्कॅन केला की पैसे जातात."
कुठं जातात?
"तिकडं."
नाव काय हिचं?
तिघांनी एकमेकांकडं बघितलं.
प्रज्योत म्हणाला, "नाव न्हाई ओ म्हाईत,
पण अकरा लाख लोकांनी बघितलंय."

हसू नका. पोरं खोटी नव्हती.
त्यातल्या मिसबाहनं स्कूटीसाठी साठवलेले
चार हजार आधीच पाठवले होते,
आणि रात्री झोप येत नाही म्हणत होती.
मला येते. हे मी तिला सांगितलं नाही.

पूर आला त्या साली
आमच्या कुंभार गल्लीत नऊ फूट पाणी.
माझी बहीण मालन, कडेवर धाकटा,
बोटीतून उतरताना कुणीतरी फोटो काढला.
आम्ही छावणीत पोचायच्या आधी
तो पुण्यात पोचला होता.

मग ट्रक आले.
ट्रकांतून शेरवानी आली, उंच टाचेचे सँडल आले, एकेकच,
आणि पाण्याच्या बाटल्या एवढ्या, की पुरालाच पूर आला.
शाळेच्या पटांगणात साड्यांचा डोंगर भिजून कुजला,
तो उचलायला वेगळी गाडी लावावी लागली.
रांगेत आधी कॅमेरा, मग बिस्किट.
मालन म्हणायची, "पुडा एक, फोटो चार."

पण त्यातल्याच एका ट्रकातून
औशाचा एक माणूस उतरला, खोरं घेऊन.
तीन दिवस आमच्या घरातला गाळ ओढत होता.
नाव सांगितलं होतं, मी विसरलो.
का आलात, म्हटलं तर म्हणाला,
"तुमच्या बहिणीचा फोटो बघितला."

आता हे कुठल्या वहीत जमा करू, कुठल्या वहीत नावे?

त्या फोटोचं पुढं ऐका.
दोन वर्षांनी मालनच्याच मोबाइलवर तो परत आला:
खाली दुसऱ्याच देशाचं नाव, दुसरंच वादळ,
दुसराच कोड.
ती पदर तोंडाला लावून हसली,
"बघ दादा, पासपोर्ट नसताना जाऊन आले."
मग बराच वेळ काही बोलली नाही.
धाकटा आता सहावीत आहे.
फोटोत तो अजून भिजतोय.

प्रज्योत स्क्रीनवर वाकला.
"काका, चेहरा जरा उजळ करा.
डोळ्यातलं पाणी उठून दिसाय पायजे."

माझ्या बोटाखाली त्याची पट्टी असते.
डावीकडं सरकवली की दुःख कमी, उजवीकडं जास्त.
मी चेहरा मोठा केला, चारशे टक्के,
गाल फुटून चौकोन झाले,
आणि मागं, तिच्या खांद्याच्या वर,
पडक्या भिंतीला लोंबणारी पाटी दिसली.
पाटी कसली, फ्लेक्स!
कोपऱ्याची रिंग उपटलेली, कड उसवलेली,
लाल रंग आमच्या लालासारखाच उन्हानं विटलेला.
चपलांचं दुकान असावं, किंवा दाताच्या डॉक्टरचं.
म्हणजे तिथंही कुणीतरी असणार
थिनरच्या वासात डबा खाणारा,
उधारी मागून दमलेला,
एका वेलांटीवरनं गिऱ्हाइकाशी भांडणारा.
असणार.
असेल का?

पोरं चहाला गेली तेव्हा
मुलीचा चेहरा मी होता तसाच ठेवला.
मागच्या पाटीवर मात्र अर्धा तास बसलो,
धूळ काढली, अक्षरांच्या कडा धरल्या,
एकेक वळण, मला न वाचता येणारं.

बिल पूर्ण लावलं.
कोड चालतो का बघायला स्वतःच्या फोनवर धरला.
'रक्कम टाका', असं आलं.
अंगठा तसाच वर राहिला,
आणि मशीन त्या मुलीला, केसांपासून खाली,
रेघ रेघ करत बाहेर सोडत होतं.