गुरुवारी, भोसरीत

गुरुवारी इथे वीज नसते.
लेथ गप्प, प्रेस गप्प, शटर अर्धं खाली,
कूलंटचा वास तेवढा सुट्टी घेत नाही.
वॉशरच्या पालथ्या क्रेटवर मी बसले आहे,
इन्व्हर्टरला लॅपटॉप लावून,
आणि स्क्रीनवर टक्के चढताहेत:
एकतीस. एकतीस. एकतीस. बत्तीस.

कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी
वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून लिहिलेली ही लायब्ररी.
चित्रातली कड शोधते, डाग मोजते.
फुकट, आणि झाकण उघडं ठेवलेली:
आतला स्क्रू न् स्क्रू दिसतो.
तयार बांधलेलीही मिळते म्हणा,
पण डोईफोडे शेठनी भंगारातून उचललेला कॅमेरा
तिच्या ओळखीतला नाही,
म्हणून मुळापासून कंपाइल.

खिडकीपाशी टेमगिरेमावशी.
त्यांना वीज लागत नाही.
बावीस वर्षं तोच स्टूल, तोच उजेड,
वॉशर चिमटीत धरायचा, एकदा फिरवायचा,
बरा डावीकडे, खोटा उजवीकडे.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
म्हणून तर मी आले आहे.
हे आम्ही दोघी बोलत नाही.

त्र्याहत्तरवर सगळं कोसळलं.
मेमरी संपली. निरोप एका शब्दाचा: मारला.
घाईत मी एकदम आठ कामं लावली होती.
"एका ताटात आठ हात घातले
की ताटच उपडं होतं," मावशी म्हणाल्या,
मान वर न करता.
दोन कामांवर पुन्हा सुरू केलं.
त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी दिली,
वर लसणाची चटणी, पुसायला कारखान्याचाच बोळा.

"बाइंडिंग म्हणजे काय गं?"
शेठ मराठीत ओरडतात,
मुंगेरचा रामआसरे त्याच्या बोलीत ऐकतो,
आणि मधे तुम्ही उभ्या असता ना, मावशी,
ते.
आतलं यंत्र एका भाषेत, मी पायथनमध्ये, मधे दुभाष्या.
"मग त्याला तरी वेगळा पगार आहे का?"

पाच वाजता शंभर टक्के.
मी पायथनला हाक मारली.
पायथन म्हणाला, या नावाचं इथे कोणी नाही.

वर गेले, वर गेले, सकाळच्या दोनशे ओळींच्या यादीत:
पायथन बाइंडिंग: नाही.
मशीनवर पायथन दोन होते,
तिने जुन्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.
सकाळी नऊ वाजताच लिहिलेलं होतं.
मी चहा पीत खाली सरकले होते.
"न बघताच लॉट पास केलास," मावशी म्हणाल्या.
बावीस वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नसावं.

योग्य रस्ता दाखवला, पुन्हा बांधलं.
वीज आली तेव्हा बाहेर अंधार होता,
आणि ट्यूब लागता लागता शेजारच्या गाळ्यातली प्रेस
झोपेतून उठल्यासारखी एकदाच दणकली.

हाक मारली. या वेळी ओ आली.
कॅमेऱ्याखाली धरायला स्टँड नव्हता,
मावशींनीच वॉशर धरला, चिमटीत,
नेहमीसारखा.
चित्र काळंपांढरं झालं, कडा उमटल्या,
आणि यंत्राने आकडा दिला:
ओरखडे, चौदा.

मी लाल चौकटी जवळ जाऊन पाहिल्या.
वॉशरवर एकही नव्हती.
सगळ्या त्यांच्या अंगठ्यावर,
तर्जनीच्या पेरावर, नखाशेजारच्या जुन्या कापावर.

"बरोबरच मोजलेत की," मावशी म्हणाल्या,
वॉशर तिरका करून ट्यूबकडे धरला
आणि उजवीकडच्या डब्यात टाकला.
का, ते मला दिसलं नाही.
त्यांनी दुसरा उचलला.
उद्या सकाळी लॉट जायचा होता.